पाठ कुणी पाहिलीय?

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिममध्ये डोकावा, बेंच प्रेसच्या बाकापुढे रांग दिसेल. रॉकेलची रांग संपली, रेशनची ओसरली, बँकेतली पासबुक भरून घेण्यापुरती उरली. ही मात्र तग धरून आहे. रांगेतली मुलं एकमेकांना ‘आज काय रे?’ असं विचारतात आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक असूनही ‘चेस्ट’ असं गंभीर चेहऱ्यानं सांगतात. सोमवारी छातीच मारायची हा नियम कुणी काढला ते कुणालाच सांगता येत नाही, पण संकष्टीच्या उपवासाला साबुदाणा वडा चालतो, इथे तेवढीही सवलत नाही. मंगळवारी बायसेप्स. बुधवारी पाठ, म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यात पाठ. प्रत्यक्षात बुधवारी ऑफिसात उशीर होतो, मित्राचा वाढदिवस निघतो, नाहीतर अंग दुखत असतं. गुरुवारी खांदे. पाय शुक्रवारी ठेवलेले असतात, त्यामुळे शनिवार-रविवारची सुट्टी गुरुवारी रात्रीच लागते.

पगार ट्रेनर घेत असला तरी जिमचा कारभार आरसा पाहतो. आरसा छाती दाखवतो, दंड दाखवतो, श्वास रोखून धरला तर पोटावरच्या चौकटीही दाखवतो. पाठ दाखवत नाही. आणि जे दिसत नाही त्यासाठी महिन्याचे पैसे भरायचे, हे मराठी मनाला पटत नाही. एका जिममध्ये मी ऐकलेला संवाद असा :

“सर, आज चेस्ट मारू?”

“काल काय मारलंस?”

“चेस्टच.”

“मग आज बॅक मार.”

“मारली असती सर, पण बॅकचा पंप दिसत नाही ना.”

“मला दिसतो की.”

“तुम्हाला दिसून काय उपयोग?”

यावर ट्रेनर निरुत्तर झाला. त्यानं स्वतःच्या दंडाकडे आरशात एकदा पाहून घेतलं आणि मुलाला बाक मोकळा करून दिला.

चौकातले फ्लेक्स पाहा. भावी नगरसेवक हाताची घडी घालून उभे असतात. घडीच्या आत मुठी दंडाखाली सरकवल्या की दंड दीडपट दिसतो, ही विद्या आता वॉर्डावॉर्डात पोचली आहे. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या भावी नगरसेवकाचा फ्लेक्स अजून कुठे लागलेला नाही. निवडून आल्यावर आपल्याला त्यांची पाठच दिसणार असते, त्यामुळे आधीपासून दाखवायची गरज भासत नसावी.

आता थोडं शरीराकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. स्नायूला एकच काम येतं : आकसून ओढणं. ढकलणं त्याला येत नाही. तुम्ही दार ढकलता तेव्हासुद्धा आत कुठला तरी स्नायू हाडाला ओढतच असतो. बायसेप्स ओढला की कोपर वाकतं. ते सरळ करायला त्याच बायसेप्सला उलटं चालवता येत नाही, त्यासाठी दंडाच्या मागच्या बाजूला दुसरा गडी नेमावा लागतो. तो ट्रायसेप्स. म्हणून हे सगळे लोक जोडीनं राहतात : दंडाला पुढचा आणि मागचा, मांडीला पुढचा आणि मागचा, पोटासमोर कणा, छातीसमोर पाठ, पोटरीसमोर नडगी.

ताक घुसळणारी रवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढचं समजावून सांगायला नको. रवीला दोरी गुंडाळलेली असते. उजव्या हातानं ओढलं की डाव्यानं सैल सोडायचं, डाव्यानं ओढलं की उजव्यानं. दोन्ही हातांनी एकदम ओढलं तर रवी जागच्या जागी थांबते आणि लोणी यायचं राहून जातं. चार्ल्स शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं शरीरात हेच दाखवून दिलं. एक स्नायू आकसू लागला की मज्जारज्जूतूनच त्याच्या जोडीदाराला निरोप जातो, ‘तू जरा सैल हो.’ आपल्याला कळण्याआधी हा सगळा व्यवहार उरकलेला असतो. चेतापेशींवरच्या कामासाठी शेरिंग्टनला १९३२ साली एडगर एड्रियनबरोबर नोबेल मिळालं. देवदानवांचं तेवढं जमलं, वासुकीची दोन टोकं धरून त्यांनी समुद्र घुसळला. रत्नं निघाल्यावर काय झालं तो भाग वेगळा.

पण जोडीदार नुसता सैल पडून राहतो असं नाही. जोरात हललेल्या अवयवाला थांबवायचं काम त्याचंच. वेगवान गोलंदाजाचा हात चेंडू सोडल्यावर खांद्यातून निखळून पुढच्या फलंदाजाकडे जात नाही, कारण खांद्याच्या मागचे छोटे स्नायू ब्रेक लावतात. धावताना पाय पुढे झेपावतो, त्याला वेळेवर आवरण्याचं काम मांडीच्या मागचा स्नायू करतो, आणि तिथेच तो बिचारा ताणला जातो. हा तो प्रसिद्ध हॅमस्ट्रिंग. पायाला असा काही स्नायू असतो हे निम्म्या महाराष्ट्राला क्रिकेटच्या बातम्यांतून कळलं, तेही तो दुखावल्यावर. तो धड असताना त्याची बातमी कधी आली नाही. मागच्या बाजूच्या लोकांचं असंच असतं.

इथे हिशेबी माणसं लगेच विचारतात, मग दोन्ही बाजू सारख्या करायच्या का? नाही. मांडीचा पुढचा स्नायू मुळातच दांडगा. मागच्यानं त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास ताकद राखली तरी चालतं, असा एक ढोबळ आकडा फिजिओ मंडळी वापरतात. पोटरी आणि नडगीचा स्नायू यांची तर बरोबरीच होऊ शकत नाही. एकीला अख्खं शरीर उचलायचं असतं, दुसऱ्याला फक्त पाऊल. दंडात मात्र निकाल उलटा आहे. दंडाच्या जाडीतला सुमारे दोन तृतीयांश भाग ट्रायसेप्सचा असतो. म्हणजे दंड फुगावा म्हणून आरशासमोर तासभर डंबेल वर ओढणारा मुलगा एक तृतीयांश भागावर मेहनत घेतोय आणि मोठी इस्टेट मागे पडीक ठेवलीय. त्याला हे सांगून पाहा. तो म्हणेल, ‘हो, पण शर्टाची बाही इथूनच टाइट होते.’

ज्यांना खरंच शरीर दाखवायचं असतं ते असं करत नाहीत. ‘मुंबई श्री’ किंवा ‘महाराष्ट्र श्री’च्या मंचावर स्पर्धकांना वळून पाठ करायला सांगतात, आणि पुढून राजबिंडे दिसणारे कितीतरी जण तिथे उघडे पडतात. अर्नोल्ड श्वार्झनेगर सात वेळा मिस्टर ऑलिंपिया झाला. तो छाती आणि पाठ एकाच दिवशी, एकामागोमाग मारायचा : एक सेट बेंच प्रेसचा, लगेच एक सेट पुल-अपचा. एक बाजू राबताना दुसरीला तेवढीच विश्रांती. वेळही वाचतो. आपल्याकडे त्याचं पोस्टर जिमच्या दाराशी असतं आणि त्याचा तो सोमवार मात्र अर्धाच उचललेला असतो.

आता माझा मूळ मुद्दा. या मुलांना आळशी म्हणून मोकळं होता येणार नाही. पाठ बेकार झाली आहे, कारण ओढण्याचं काम गेलं.

आठवून पाहा, दिवसभरात तुम्ही काय काय ओढता? विहिरीचा पोहरा गेला, नळ आला. जात्यावर समोरासमोर बसून एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं. ते जातं आता हॉटेलाच्या दाराशी शोभेला ठेवलेलं असतं. ताक पिशवीतून येतं. दक्षिण मुंबईतल्या जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा ओढायला खासा जोर लागायचा. नव्या लिफ्टचं दार आपोआप मिटतं. संडासात डोक्यावर टाकी आणि साखळी असायची, निदान दिवसातून एकदा तरी माणूस वर हात करून मनापासून काहीतरी ओढायचा. तिथे बटण आलं. मोटारीचा हँडब्रेक करकर आवाज करत ओढायची एक मर्दानी सोय होती, तिचंही बटण झालं. दुकानाच्या शटरला मोटर बसली. रस्सीखेच १९०० ते १९२० या काळात चक्क ऑलिंपिकमध्ये होती. पुढे तिथूनही तिला काढलं. वल्हवणं तेवढं राहिलं, पण ते खडकवासल्याला जाऊन रोज करणार कोण?

ढकलणं मात्र वाढतच गेलं. मॉलची दारं ढकला, ट्रॉली ढकला, बंद पडलेली रिक्षा ढकला, काम पुढच्या सोमवारवर ढकला. उरलेला वेळ पुढे वाकून फोन बघायचा, म्हणजे छाती आखडत जाते, पाठ ताणलेली राहते, मान पुढे निघते आणि माणूस बसल्या जागी प्रश्नचिन्ह होतो. अशा माणसानं जिममध्ये जाऊन आणखी छातीच मारली, की तो कमावलेला प्रश्नचिन्ह होतो.

इथे जुन्या काळाच्या नावानं उसासे टाकायचा माझा विचार नाही. बाईनं रहाट ओढायचा आणि बुवांनी ओसरीवर बसून ताक प्यायचं, याला समतोल म्हणत नाहीत. आजीची पाठ मजबूत होती तशीच ती अकाली वाकलीही होती, कारण तिच्या कामाला सेट आणि विश्रांती असा हिशेबच नव्हता.

आपली जुनी व्यायामपद्धती तपासली तरी एक अडचण दिसते. जोर काढा, जमीन ढकलायची. बैठका मारा, जमीन ढकलायची. सूर्यनमस्कार घ्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला. संस्थानातल्या शाळांतून मुलांना नमस्कार घालायला लावले. त्या नमस्कारांची रचना खरोखर हुशारीची आहे. पुढे वाकलात की लगेच मागे वाकायचं. हस्तपादासनात कणा दुमडला की भुजंगासनात तो उलटा उघडायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंना न्याय. पण हाताचं काय? तिथेही तळहात जमिनीला टेकलेले आणि जोर खालीच. दोष राजेसाहेबांचा नाही, जमिनीचा आहे. जमिनीला ढकलता येतं, तिला ओढता येत नाही. ओढायचं तर काहीतरी डोक्यावर लागतं किंवा हातात लागतं.

तालमीत ते होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांच्या नावाशी जोडलेला मल्लखांब म्हणजे ओढण्याचा उत्सवच : खांबाला मिठी मारायची आणि स्वतःला वर खेचायचं. दोरावर चढणं होतं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हौद्याची माती. कोल्हापूरच्या तालमीत नव्या पोराला वस्ताद डाव शिकवण्याआधी हातात फावडं देतात. माती खणायची, ओढायची, पुन्हा खणायची. पोराला वाटतं आपल्याला गडी म्हणून ठेवलंय. वस्तादांना ठाऊक असतं की शंभर जोरांनी जे पुढं आणलं ते हे फावडं मागं नेऊन बसवणार आहे. शिवाय माती फुकटात खणून होते. ढाक असो की धोबीपछाड, समोरच्याला आधी ओढावं लागतं, तेव्हा तो कुठे उलटतो. आणि या खेळात पाठ मातीला लागली की माणूस हरतो, तेव्हा पाठीकडे दुर्लक्ष करून चालणार कसं? जिममधल्या मुलाची पाठ आठवड्यातून एकदा, सोमवारी, बाकाला लागते आणि त्याला वाटतं आपण जिंकलो.

उलट टोकाची माणसंही आहेत. सह्याद्रीत कड्यांवर चढणारी मंडळी घ्या. नागफणी, लिंगाणा, कोकणकडा, जिथे म्हणून सरळ माणूस खाली बसून पोहे खाईल तिथे हे वर जातात. यांचं सगळं आयुष्य ओढण्यात जातं. पाठ अशी की बॅग अडकवायला जागा शोधावी लागते, पण ढकलणाऱ्या बाजूला उपासमार. त्यामुळे तेही पुढून पोक काढूनच चालतात. पाठीचा जो मोठा पंखा असतो तो दंडाला आत वळवतो, हे त्यांना उशिरा कळतं. मग जाणते गिर्यारोहक त्यांना मुकाट जोर काढायला लावतात. बोटांचंही तेच. खडकाच्या चिरेत बोटं वळवून वळवून मिटणारे स्नायू लोखंडी होतात आणि उघडणारे तसेच राहतात. त्यावर उपाय म्हणजे पाची बोटांभोवती रबर अडकवून ती फाकवायची. एका पहाटे कर्जत लोकलमध्ये एक धिप्पाड इसम पार्सलच्या सांबाराच्या पिशवीचं रबर बोटांत अडकवून पंजा उघडझाप करताना मी पाहिला. समोरच्या काकूंनी आपली पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

बाकीच्यांची आणि पाठीची पहिली ओळख होते ती फिजिओथेरपिस्टकडे. तिथे सगळे भेटतात : छातीवाला मुलगा, लॅपटॉपवाले काका, आणि ‘मी तर रोज चालते हो’ म्हणणाऱ्या काकू. फिजिओ दाराच्या कडीला लांब रबरी पट्टा बांधते, त्याची दोन टोकं हातात देते आणि म्हणते, “कोपरं मागे ओढा. खांद्याची पाती एकमेकांजवळ आणा. धरा. हळूच सोडा.” काकांना आपल्याला खांद्याची पाती आहेत आणि ती हलतात, हेच नवीन असतं. दहा वेळा ओढून काका घामाघूम होतात. आजीही हेच करायची. तिला त्या ओढण्यात पाणी तरी मिळायचं, काकांना पावती मिळते.

फिजिओ पुढे जे सांगते ते फार साधं आहे. जेवढं ढकलता तेवढं ओढा. बसून काम करत असाल तर ओढण्याचं थोडं जास्तच ठेवा. पाठीचा वार वेगळा ठेवून तो बुडवण्यापेक्षा छातीच्याच दिवशी पाठ उरकून टाका. वजन खाली सोडताना धपकन सोडू नका. काका सगळं ऐकतात, घरी जातात, पट्टा दाराला बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी ते दार बाहेरून मुलगा उघडतो.

आमच्या सोसायटीनं यावर सामुदायिक तोडगा काढायचं ठरवलं. जिमची खोली आहे, त्यात दोन ट्रेडमिल आहेत आणि भिंतभर आरसा आहे. काही तरुणांनी वार्षिक सभेत मागणी केली, पुल-अप मारायला गच्चीवर एक आडवा दांडा बसवा. सभा रंगली. पहिला आक्षेप खर्चाचा. दुसरा, वॉटरप्रूफिंगला भोक पडेल. तिसरा एका ज्येष्ठ सभासदांचा : “लटकायचंच असेल तर सकाळी सव्वाआठची लोकल आहे, तिथे लटका. सोसायटीचा पैसा कशाला?” चिटणीसांनी विचारलं की पडून कुणाचं हाड मोडलं तर जबाबदारी कोणाची. त्यावर उपसमिती नेमली. उपसमितीच्या एका सदस्यानं स्वतःच्या घरात दरवाज्याच्या चौकटीत बसणारा दांडा ऑनलाइन मागवून त्याची चाचणीही घेतली. चौकट खाली आली, दांडा शाबूत राहिला. हे शिफारसपत्र मानून गच्चीवरचा दांडा अखेर बसला. चांगला जाड, लोखंडी, दोन खांबांमध्ये, सात फुटांवर.

मुलं पहिला आठवडाभर गेली. पहिल्या दिवशी प्रत्येकानं एकेक पुल-अपचा प्रयत्न केला. बेंचवर ऐंशी किलो ढकलणाऱ्यांना आपलं सत्तर किलो वर नेता येईना. गच्चीवर आरसा नसल्यामुळे निदान हे आपलं आपल्याला पाहावं लागलं नाही, पण समोरच्या इमारतीतून दिसतं हे कळल्यावर मुलं पुन्हा खाली जिममध्ये गेली.

आता त्या दांड्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकू चादरी वाळत घालतात. ओल्या डबल बेडच्या चादरी, सोलापुरी, पाणी प्यालेल्या. बादलीतून उचलायची, पिळायची, दोन्ही हातांनी सात फुटांवर भिरकवायची, मग पलीकडे जाऊन खाली ओढायची, अलीकडे येऊन पुन्हा ओढायची, सारखी करायची. मग दुसरी. व्यवस्थापक समितीनं ‘येथे कपडे वाळत घालू नयेत’ अशी पाटी लावली. काकूंनी ती खेचून काढली. चार स्क्रूची होती.